वाहनसुख

उन्हात तापलेल्या चामड्याचा वास! चपलांच्या दुकानावरून जाताना, कुणाची जुनी बॅग उघडताना तो अवचित नाकाशी येतो. भर बाजारात मी आजूबाजूला आईला शोधू लागते. तो सुगंध म्हणावा तर त्यात पेट्रोलचा उग्रपणा मिसळलेला असतो. दुर्गंध म्हणावा तर त्यात एक उबदार, जुनी श्रीमंती असते. माणसाला वासाने सुख आठवावं, फार तर दुःख आठवावं. मला मात्र धास्ती आठवते. मग मी स्वतःलाच समजावते, की अगं, ते सारं होऊन गेलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागते.

तो वास आमच्या गाडीचा होता. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा अमरावतीत, राजापेठेतल्या आमच्या घरासमोर, निंबाच्या झाडाखाली ती उभी असे. डाळिंबाच्या दाण्याचा असावा तसा गडद रंग, पुढे लांबलचक नाक, दोनच दारं, बसायला पुढे दोन ऐसपैस चामडी बैठका आणि मागे गुडघे पोटाशी घेऊनच बसता येईल अशी एक अरुंद जागा. ती इटलीत घडली होती. तिच्या जातीला तिकडे ‘ग्रँड टूरिंग’ म्हणतात, असं बाबा मोठ्या अभिमानाने सांगत. सकाळी एका देशात न्याहारी करावी, हिमाच्छादित पर्वतांच्या रांगा ओलांडाव्यात आणि संध्याकाळी दुसऱ्याच देशाच्या समुद्रकाठी उतरावं, अशा प्रवासासाठी तिचा जन्म! आणि आमच्याकडे ती बिचारी काय करी? राजापेठेतून निघे, बैलगाड्यांच्या मागे मुकाट्याने सरकत बडनेऱ्याला जाई, स्टेशनासमोर वळे आणि परत येई. वाटेत शेरडं आडवी आली की तिचा तो गंभीर, खर्जातला आवाज असा काही दबून येई, की मला तिची कीव वाटे.

ती आमच्या घरी आलीच कशी, हा प्रश्न तेव्हा साऱ्या गल्लीला पडला होता. बाबा वकील होते, आणि वकिली बरी चालत होती. पण स्वभावाने ते कमालीचे काटकसरी. एका काळ्या कोटावर त्यांनी कित्येक उन्हाळे काढले होते, आणि कोर्टात ते सायकलने जात. अशा माणसाने दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला जावं काय, आणि येताना ही विलायती सुंदरी चालवत आणावी काय! आई पदराला हात पुसत दारात आली आणि बघतच राहिली. “हे काय आणलं व बाप्पा तुमी?” एवढंच ती म्हणाली. बाबांनी पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाले, “बस. फिरवून आणतो तुले.” आई बसली नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर कितीतरी दिवस नाही.

कारण गाडीचं इंजिन थंड व्हायच्या आतच तिचा इतिहास आमच्या ओसरीवर येऊन पोचला होता. शेजारच्या इंदूमावशींचं माहेर अकोल्याचं. त्यांनी तो आणला. कापूस खरेदी करणाऱ्या कुठल्याशा परदेशी कंपनीचा एक साहेब अकोल्याला राहत असे, त्याने ही गाडी जहाजातून मागवली. गाडी आली आणि त्याची मडम वारली. साहेब सगळं टाकून मायदेशी गेला. मग ती घेतली कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचे मालक देशमुख यांनी. धट्टाकट्टा माणूस, पण तोही गाडी घेतल्यावर फार दिवस टिकला नाही. “दोन घरं खाल्ली बाई तिनं,” इंदूमावशी आवाज खाली आणून म्हणाल्या, “आता तुमच्या घरी आली.” आईने उंबऱ्यावरून गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि आत निघून गेली. मी तिच्या मागोमाग गेले तेव्हा ती चुलीसमोर नुसतीच बसली होती.

आता तुम्ही हसाल. मीही हसले असते. मी कॉलेजात जात होते, संस्कृत शिकत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पण भयाचं एक विलक्षण असतं. ज्याला आपण मानत नाही त्यालाही आपलं मन चोरून पाट मांडतं! आई हिवरखेडच्या जोशांची मुलगी. तिच्या माहेरी तीन पिढ्या पंचांगावर पोसलेल्या. तिने भावाला निरोप धाडला, आणि अण्णामामा आमच्या घरातल्या सगळ्यांच्या पत्रिका मांडीवर घेऊन बसले. वाहन घरात आलं की ते ज्याला धार्जिणं त्याच्या नावावर करावं, ही आमच्याकडची जुनी रीत. बैलजोडी घेताना पाहायचे, तसं आता मोटरीच्या वेळी पाहू लागले होते. मामांनी बाबांची पत्रिका पाहिली आणि मान हलवली. मग माझी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. “पोरीचं चौथं घर लय बळकट हाये. वाहनसुख तिथंच असते. गाडी इच्या नावावर करा, मंग भ्याचं कारण नाही.”

बाबांनी कपाळाला हात लावला. कोर्टात त्यांच्यासमोर भलेभले गप्प होत. पण घरातल्या निकालावर अपील कुठे करायचं? आई त्यांच्याकडे नुसती पाहत होती, आणि त्या पाहण्यात अशी काही विनवणी होती की ते हसत हसत तयार झाले. अशा रीतीने अमरावतीत, जिथे मुलीने सायकल चालवली तरी लोक वळून बघत, तिथे मी एका इटालियन गाडीची मालकीण झाले. बाबांनी मला बडनेऱ्याच्या रस्त्यावर गाडी शिकवली. तो एक हिवाळा माझ्या आयुष्यातला केवढा ऐटीचा काळ! सुकाणूवर हात ठेवला की वाटे, सारा रस्ता आपल्यासाठीच अंथरला आहे. कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या बाजाराकडे चाललेल्या असत, आणि त्यांतले पुंजके वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना अडकून जणू त्या काटेरी झाडांनाच बोंडं फुटली आहेत असं दिसे.

पण ही ऐट फार टिकली नाही. कुठल्याशा एकादशीला अण्णामामा पुन्हा आले होते, आणि जेवणं झाल्यावर मी सहज, विद्यार्थिनीच्या कुतूहलाने त्यांना विचारलं, की मामा, या चौथ्या घरात वाहनाखेरीज आणखी काय काय असतं? त्यांनी बोटांवर सांगितलं: शेत, घर, मनाचं सुख, आणि मग, सुपारी तोंडात टाकत, “आन् मुख्य म्हंजे आई. ते आईचंच तर घर हाये.” ते सांगून मामा लवंडले आणि डाराडूर झोपले. माझी मात्र झोप उडाली. कारण पलीकडे आई माजघराच्या खांबाला टेकून उभी होती, एक हात छातीवर ठेवून, जिना चढून आल्यासारखी धापा टाकत. आणि आमच्या घराला तर जिनाच नव्हता.

त्यानंतर मी आईवर पाळत ठेवू लागले. ती पाणी शेंदताना मध्येच थांबते का? तिचे पाय संध्याकाळी सुजतात का? अंबादेवीच्या पायऱ्या चढताना तिने कठड्याला हात लावला की नुसता पदर सावरला? आणि जे पाहिलं त्याचा धागा मी दर वेळी गाडीशी नेऊन जोडत असे. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली की आज आईला बरं वाटणार नाही, असं वाटे. गाडी बिघडली की मी मनातून आनंदत असे. एकदा तिच्या इंजिनात कचरा अडकला आणि ती आठवडाभर निंबाखाली निपचित पडून राहिली. त्याच आठवड्यात आईने मोठ्या उत्साहाने गोळाभात केला, वरून फोडणीचं तेल घातलं, आणि जेवताना ती खळखळून हसली. मला आणखी कुठला पुरावा हवा होता? बाबा रोज मेकॅनिककडे चकरा मारत होते, आणि मी देवापुढे हात जोडून म्हणत होते, ती कधीच दुरुस्त न होवो! संस्कृतच्या वर्गात न्यायशास्त्राची व्याख्या पाठ म्हणणारी मुलगी घरी हे उद्योग करत होती.

शेवटी मी ठरवलं, की गाडी विकायची. गिऱ्हाईकही आपण होऊन आलं. धारणीकडचा एक लाकडाचा ठेकेदार कोर्टाच्या कामाला आला होता, त्याला ती गाडी भलतीच आवडली. मेळघाटच्या त्या रस्त्यांवर ही जमिनीला टेकलेली नाजूक बया चार पावलं तरी जाईल का, असा प्रश्न त्याला पडला नाही, आणि मीही तो पडू दिला नाही. बाबा गाडी विकायला मुळीच तयार नव्हते, ते चिडलेच. मी त्यांना एवढं चिडताना क्वचितच पाहिलं होतं. पण मालकीण मी होते, सही माझी लागणार होती, आणि मी सही करायला बसले. तेव्हा आईने येऊन माझ्या हातातला टाक काढून घेतला.

“हे काय करून राहिली तू?” ती म्हणाली. मग मी रडले, आणि सगळं बोलून टाकलं: चौथं घर, आईचं घर, तिचं धापा टाकणं, माझ्या नावावरची ती गाडी. आई शांतपणे ऐकत होती. “मले ठाऊक हाये चौथ्या घरात काय काय असते,” ती म्हणाली. “जोशाची पोर आहो मी. तुह्या मामानं सांगाच्या आंधीच मले समजलं होतं.” माझं रडणं थांबलं. तिला ठाऊक होतं! बाबांच्या जिवावरचं संकट टळावं म्हणून तिने गाडी माझ्या नावावर करू दिली, आणि माझ्या पत्रिकेत त्याचा भार कुणावर येईल हेही तिला पुरतं कळत होतं. तो तिने हळदीकुंकवाच्या बोलावण्याइतक्या सहजपणे स्वतःकडे घेतला होता. “मंग विकू दे ना मले,” मी तिच्याच बोलीत विनवलं. तिने मान हलवली. “आपल्या घरची पीडा दुसऱ्याच्या दारात काहून ढकलतं? त्याच्या घरी माय नसंल?”

मग तिनेच मार्ग काढला. “अकोल्याले त्या देशमुखाच्या घरी जाऊ. त्या बाईले विचारू, काय काय झालं ते. उतारा असंल तर तिले ठाऊक असंल.” आणि पहिल्यांदाच, आपण होऊन, ती गाडीत बसायला तयार झाली. दुसरा दिवस रविवारचा होता, कोर्ट बंद. बाबा बरोबर येतो म्हणाले, पण आईने त्यांना घरीच थांबवलं. “तुमी तिथं वकिली कराल,” ती म्हणाली. बाबा फाटकापाशी उभे राहून आम्हांला सारखे बजावत होते, हळू जा, मूर्तिजापूरला थांबा, आईला पाणी दे. एवढ्या सूचना त्यांनी मला गाडी शिकवताना दिल्या नव्हत्या.

तो प्रवास मी कसा केला ते मलाच ठाऊक! डोळे रस्त्यावर आणि सारं लक्ष शेजारच्या बैठकीवर. आई हात मांडीवर जुळवून, देवळात बसल्यासारखी बसली होती. बडनेरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना काळी रानं पसरली, आणि मग हळूहळू तिची पाठ त्या चामडी बैठकीला टेकली. “गादीवानी हाये व,” ती जराशी लाजून म्हणाली. खड्डा आला की मला तिच्या हृदयातच खड्डा पडल्यासारखं वाटे.

देशमुखांच्या विधवेचं घर जिनिंगच्या मागेच होतं. ती उंच, सावळी, मोकळ्या स्वभावाची बाई. आम्हांला पाहण्याआधी तिने गाडीच पाहिली, आणि पायऱ्या उतरून तिने गाडीच्या लांब नाकावरून हात फिरवला, जसा पोळ्याला बैलाच्या पाठीवरून फिरवतात. आम्ही चहा घेतला. आईने आडवळणाने, फार संकोचत विचारलं, की या गाडीमुळे तुमच्या घरी जे झालं, त्याच्यावर काही उतारा केला होता का? ती बाई आधी समजलीच नाही. समजल्यावर तिने आईच्या हातावर हात ठेवला.

“कोन म्हनते गाडीनं नेलं त्यायले? बीमारी आंधी आली बाई, गाडी मांगून आली. मुंबईच्या डाक्टरनं सांगतलं का आता काही फार दिवस नाहीत. तवा हे म्हनले, जिंदगीभर कापसात नाक खुपसून बसलो, आता तुले घेऊन हिंडतो. दुसऱ्या मोटरीत धक्के बसत, त्यायले सोसवत नसत. ही गाडी पान्यावानी चाले. चिखलदऱ्याले किती खेपा नेलं त्यायनं मले! आन् त्या सायबाचंही तेच होतं. त्याची मडम आंधीच अंथरुनाले खिळली होती. तिले थंड हवेत नेता यावं म्हनून तर त्यानं एवढ्या दुरून बलावली ही.”

किती साधी गोष्ट! सगळ्या अकोल्याने आणि सगळ्या राजापेठेने आधीचं नंतर केलं होतं आणि नंतरचं आधी. गाडी कुणाला खात नव्हती. ज्या घरात कुणाचे दिवस मोजके उरले, त्या घरात ती येत होती, आणि उरलेल्या दिवसांना थोडा वारा, थोडे डोंगर दाखवत होती. माझ्या अंगावरून केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! मला हसू येत होतं, त्या बाईला मिठी मारावीशी वाटत होती. पुढे कित्येक वर्षांनी दर्यापूरच्या एका घराने ती गाडी आमच्याकडे मागितली, तेव्हा मी आधी एकच चौकशी केली, की तुमच्याकडे कुणी आजारी आहे का? त्या गृहस्थांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून हो म्हणाले. मी गाडी त्यांना दिली.

पण त्या रविवारी मला हे एवढं सुचलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर मी आनंदाने बडबडत होते आणि आई गप्प होती. मूर्तिजापूर गेल्यावर ती बाहेर पाहत म्हणाली, “बीमारी आंधी, गाडी मांगून.” मी म्हटलं, हो ना, आणि लोक काय काय बोलत होते! मग ती म्हणाली, “पावसाळ्यात तुझे बाबा मले नागपूरले घेऊन गेले होते ना, डाक्टरकडे. रगत कमी हाये म्हनलं त्यायनं. मले भायेर बसोलं होतं. हे आतमंदी लय वेळ होते.” आणि थोडं थांबून: “दिवाळीले मंग गाडी आणली.”

माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. सायकलवर जाणारे, कोट उलटून शिवून घेणारे बाबा! दार उघडून धरणारे, ‘बस, फिरवून आणतो तुले’ म्हणणारे बाबा! विकायची म्हटल्यावर चिडलेले बाबा. आई पावसाळ्यापासूनच थकत चालली होती, आणि मीही अकोल्याच्या लोकांसारखंच सगळं गाडी आल्यानंतरचं म्हणून मोजत गेले होते. तिच्यासाठी आणलेल्या त्या गाडीत ती बाबांच्याच प्राणांच्या भीतीने कालपर्यंत एकदाही बसली नव्हती. आणि ते तिला कारण सांगू शकत नव्हते. एकाच घरात, एकाच छपराखाली, दोन माणसं एकमेकांना वाचवण्यासाठी एवढं मुकाट कसं राहू शकतात? आतापर्यंत मला जे वाटत होतं ते भय होतं. त्याच्यावर उपाय होते: सही होती, उतारा होता, गिऱ्हाईक होतं. आता जे समोर आलं त्याच्यावर काहीच नव्हतं. मी सुकाणूवर डोकं टेकून रडू लागले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “रडू नको व,” ती म्हणाली. “आन् घरी गेल्यावर त्यायले काही विचारू नको. त्यायनं एवढं लपोलं, तर लपू दे.”

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा फाटकातच होते. बहुधा तिथून हललेच नव्हते. ते आईच्या बाजूचं दार उघडायला पुढे झाले. आई उतरली नाही. “या, तुमीही बसा,” ती म्हणाली. “मांगं बसा. मी इथंच बसतो. परतवाड्याच्या रस्त्यानं जाऊ जरासं. आन् चिखलदरा कवा दाखवता मले?”

बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे डोळे सुजलेले होते. अंगातल्या धोतर-सदऱ्यानिशी, चपला काढून हातात घेऊन, ते त्या अरुंद मागच्या जागेत गुडघे पोटाशी धरून बसले. मी गाडी सुरू केली. आरशात मला ते दिसत होते. ते रस्त्याकडे पाहत नव्हते, पुढच्या बैठकीवर टेकलेल्या आईच्या मानेकडे पाहत होते. आईने काच खाली केली होती आणि ती शेतांची, गुरांची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोठ्या आवडीने चौकशी करत होती. आमच्या वाट्याला त्यानंतर आणखी काही हिवाळे आले, चिखलदराही आला. पण तेव्हा आम्हांला ते कुठे माहीत होतं? मागून बैलगाडीवाले हाका घालून पुढे निघून जात होते. एका दिवसात देश ओलांडण्यासाठी जन्मलेल्या त्या गाडीला मी माझ्याच्याने होईल तेवढं हळू चालवत होते, रस्ता लवकर संपू नये म्हणून.